चेक कोणाच्या नावाने?



सरकार शेतकऱ्याला पैसे देते, तेव्हा शेतकरी म्हणजे नेमका कोण? ज्याच्या नावावर जमीन आहे तो, की जो ती कसतो तो? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, पॉइन्सेट नावाच्या काउंटीत, नव्वद वर्षांपूर्वी या एका प्रश्नावरून अनेक घरे रस्त्यावर आली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. मुख्य पीक कापूस.

१९१९ साली अमेरिकेत कापसाला पौंडामागे सुमारे ३५ सेंट भाव होता. १९३२ साली तो साडेसहा सेंटवर आला. रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि मे १९३३ मध्ये कृषी समायोजन कायदा आला. हिशेब सरळ होता. शेतकऱ्याने पीक कमी करायचे, म्हणजे भाव चढेल, आणि नुकसान सरकार भरून देईल. पण तोवर पेरणी होऊन गेली होती. म्हणून त्या हंगामात सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला. भाव दहा सेंटच्या आसपास गेला. योजना सफल झाली, असेच कोणीही म्हणेल.

आता वाटप बघा. ही शेती कसत होती ती कुळे. गोरीही होती आणि काळीही. बियाणे, खेचर, घर मालकाचे, मेहनत कुळाची, आणि पीक निम्मे-निम्मे. सरकारचा करार मात्र मालकाशी. १९३४ च्या करारात पौंडामागे साडेचार सेंट मिळायचे. त्यातले चार सेंट मालकाचे, अर्धा सेंट कुळाचा. तोही मालकाच्या हातून, म्हणजे बऱ्याचदा दुकानाच्या उधारीत वळता. आणि कुळालाच काढून रोजंदारीवर मजूर ठेवले, तर तो अर्धा सेंटही मालकाचाच.

शक्यतो कुळांची संख्या कमी करू नये, असे करारात लिहिलेले होते. पण तक्रार जायची ती स्थानिक समितीकडे, आणि तिथे वजन मालकांचेच.

फौजेत आम्ही पे परेड घ्यायचो. जवानाचे नाव पुकारायचे, तो समोर यायचा, पैसे मोजून त्याच्या हातात द्यायचे आणि तिथेच सही घ्यायची. त्याचा पगार दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. पॉइन्सेटमध्ये नेमके हेच झाले नाही.

तिथल्या टायरोन्झा गावाजवळ, जुलै १९३४ मध्ये, अठरा माणसे एका शाळेत जमली. अकरा गोरे, सात काळे. त्या काळच्या दक्षिणेत एवढे एकत्र बसणेही धोक्याचे होते. जवळच्या मळ्यावरून कुळांना हाकलले होते, त्यातून ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ जन्माला आली. तिच्या माणसांना मारहाण झाली, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याच्या काही वकिलांनी कुळांच्या बाजूने कराराचा अर्थ लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये जेरोम फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना नोकरीतून काढण्यात आले.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, पण कारण होते कराचे. कुळांचा प्रश्न तिथे नव्हताच. पुढच्या व्यवस्थेत कुळांना त्यांचा वाटा थेट मिळू लागला. मग मालकांना कुळ ठेवणेच महाग वाटू लागले. हाती पैसा होता, त्यातून ट्रॅक्टर आले आणि कुळे गेली.

आपल्याकडे पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात, ते जमीनधारक कुटुंबाला. बटाईने कसणारा, ज्याच्या नावावर जमीनच नाही, तो त्यात बसत नाही. तेलंगणाच्या ‘रयतु बंधू’तही पैसे मालकालाच होते. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत मात्र भूमिहीनांनाही घेतले. म्हणजे यादी वेगळी करता येते. काम किचकट आहे, कारण बटाईचा कागद बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि मालक तो करून द्यायला घाबरतो.

तेव्हा पुढची योजना जाहीर होईल, तेव्हा रकमेचा आकडा वाचून थांबू नका. पात्रतेचा नियमही वाचा, आणि तुमच्या गावातले प्रत्यक्ष कसणारे किती जण त्यात बसतात, ते मोजून बघा.

जय हिंद.