सांडलेल्या साखरेचा रंग

१९५०च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे इव्हा विटगेनस्टाईन ग्लायकोजेनच्या आनुवंशिक विकाराने पीडित मुलांना डायहायड्रॉक्सिॲसिटोन ही तीन कार्बन अणूंची साखर देऊन अभ्यास करीत होत्या. द्रावण सांडले की काही तासांनी त्वचेवर तपकिरी डाग उमटत. कपड्यांवर मात्र नाही. त्यांनी ते स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिले आणि १९६० मध्ये बेरी यांच्यासह ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कॉपरटोनचे उन्हाविना त्वचा तपकिरी करणारे द्रावण बाजारात आले.

ही साखर त्वचेच्या मृत बाह्यथरातील अमिनो आम्लांशी संयोग पावते. पावाचा पापुद्रा तांबूस करणारी, १९१२ मध्ये मैयार यांनी वर्णिलेली अभिक्रिया ती हीच. मेंदीही याच थरात रंगते. म्हणूनच दोन्ही रंग पेशी गळतील तसे उतरतात.

यात मेलॅनिन वाढत नाही, त्यामुळे उन्हापासून संरक्षण नगण्य. अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यताही केवळ बाह्य वापरापुरती आहे. डोळे, ओठ व श्लेष्मल त्वचा वगळून. फवारा श्वासावाटे घेणे त्यात बसत नाही.

गोरेपणाची क्रीमे खपणाऱ्या आपल्या समाजात हे कोण घेणार? कोड असलेली व्यक्ती. पांढरा डाग झाकण्यासाठी हा रंग खरोखर उपयोगी आहे. पण डाग दिसेनासा झाला की सनस्क्रीन लावायचे राहते, आणि मेलॅनिनविहीन त्वचा उन्हात भाजते ती नेमकी तेथेच.