चौल-रेवदंड्याचे तीन दिवस

पनवेलच्या शाळेंत मीं तीसएक वर्षें इतिहास शिकविला. “इ. स. १७४० मध्यें चौल मराठ्यांच्या हातीं आलें व पोर्तुगीज निघून गेले,” हें वाक्य मुलांकडून किती वेळां घोकून घेतलें, याची गणती नाहीं. चौल मात्र मीं पाहिलें नव्हतें. सेवानिवृत्त झाल्यावर, गेल्या माघांत, खांद्याला पिशवी अडकविली आणि अलिबागेच्या दक्षिणेस सुमारें १७ किलोमीटरांवर असलेल्या रेवदंड्यास उतरलों. तीन दिवस वाहनांत पाय ठेवावयाचा नाहीं, असा नेम केला होता.

पहिला दिवस वरच्या चौलांत गेला. रामेश्वराच्या पुष्करिणीच्या पायऱ्यांवर बसलें म्हणजे येथें एके काळीं मोठें बंदर होतें, हें खरें वाटत नाहीं. सभोंवार नारळी-पोफळींच्या वाड्या आणि पाटाचें पाणी. परंतु टॉलेमीच्या भूगोलांतील सिमुल्ला तें हेंच, असें विद्वान् मानतात. इ. स. ९१६ च्या सुमारास आलेल्या अरब प्रवासी मसूदीनें येथील मुसलमान वस्ती दहा हजारांची सांगितली आहे. आणि राज्य तर शिलाहारांचें!

इ. स. १४६९ च्या सुमारास रशियांतील त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन या बंदरांत उतरला. पुढें जुन्नरास तेथील खानानें घोडा काढून घेतला, व धर्म बदलशील तर परत देतों, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थानें मध्यस्थी केली म्हणून बिचाऱ्याचा धर्मही राहिला आणि घोडाही. त्याचें स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारांत आहे. तें पाहून परततांना मी, जुन्या सवयीनें, एका वर्गांत डोकावून आलों.

दुसऱ्या दिवशीं रेवदंड्याचा कोट पाहिला. पोर्तुगीजांनीं तो बांधावयास घेतला १५२१ सालीं. त्याच सालीं स्पेनच्या कोर्तेसनें तेनोच्तित्लान जिंकलें आणि त्याच्या अवशेषांवर मेक्सिको शहर उभें राहिलें. तें आज जगांतील मोठ्या राजधान्यांपैकीं एक. त्याचें हें समवयस्क भावंड पोफळींच्या सावलींत पडून आहे. तटांतून वडपिंपळांचीं मुळें बाहेर आलीं आहेत. सातखणी मनोरा तेवढा दुरून दिसतो. १५७०-७१ मध्यें मूर्तजा निजामशहानें वेढा दिला, तेव्हां लढाई घराघरांतून झाली, असें मीं वर्गांत सांगत असें. पण सांगतांना मला घरें दिसत नव्हतीं. आतां पडक्या भिंती मोजीत चालतांना, या दगडांआड बायकामुलांनीं ते महिने कसे काढले असतील, हा प्रश्न प्रथमच मनांत आला. कांहीं वाड्यांच्या गडग्यांत घडीव चिरे दिसले. वाईट वाटलें; पण तयार दगड सोडून खाणीवर कोण जाईल?

तिसऱ्या दिवशीं खाडीवरील पूल पायीं ओलांडून कोर्लईस गेलों. डोंगरावरचा किल्ला पोर्तुगीजांनीं १५९४ त निजामशाहीकडून घेतला. तो चढलों खरा, पण माझें चित्त खालच्या गांवांत होतें. तेथील ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजापासून झालेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. बोलणारे सारे मिळून हजाराच्या आंतबाहेर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण ठेवण आपली: क्रियापद वाक्याच्या शेवटीं. १७४० त अधिकारी गेले. ज्या गरिबांचें घर येथेंच होतें ते कोठें जाणार? पावणेतीनशें वर्षें या बोलीला ना शाळा मिळाली, ना राजाश्रय. माझें घोकंपट्टीचें वाक्य अर्धेंच खरें होतें, आणि तें मीं तीस वर्षें पोरांच्या वह्यांत उतरविलें.

देवळाच्या नव्हे, चर्चच्या वाटेवर एक म्हातारी बाई सुकी मासळी निवडीत बसली होती. मी पनवेलचा मास्तर, असें सांगतांच तिनें पाणी दिलें. इतक्यांत तिची नात दप्तर टाकून पळूं लागली. आजीनें त्या बोलींत कांहीं हांक मारली; पोरीनें पळतां पळतां उत्तर दिलें तें मराठींत.

“काय म्हणालांत तिला?” मीं विचारलें.

“काय म्हणणार, मास्तर? दिवेलागणीच्या आधीं घरीं ये, म्हटलं.”