इतिहासाचं उपनगर

शहराला असतं तसं इतिहासालाही उपनगर असतं, असं माझं मत आहे. आमचं हिर्डोशी त्यातलंच. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना लागतं. बाजीप्रभू या हिरडस मावळातले, 1660 साली घोडखिंडीत लढलेले बांदलही इथलेच. पण गाजली ती खिंड! उपनगरवाल्यांचं नशीबच असं. माणसं इथली, नाव तिकडचं. 1948 साली भोर संस्थान विलीन झालं. पुढे नीरा-देवघर धरणाखाली खोऱ्यातल्या जमिनी गेल्या. जमिनी बुडाल्या, पण विचारपूस तेवढी तरंगली. अजूनही वाटेत कुणी तरी हटकतंच, "कुणाकडं आलाय, पाव्हणं?" शहरात हे फक्त वॉचमन विचारतो, तेही वहीत सही घ्यायला, चहा द्यायला नव्हे!