नागठाण्याचा डबा

सातारा स्टँडवर सकाळचे सहा वाजलेत. स्वारगेटच्या फलाटावर ‘विनावाहक, विनाथांबा’ अशी पाटी लावलेली गाडी उभी आहे. तिकीट खालीच काढायचं, आत जाऊन बसायचं, दार लागलं की थेट पुणं. त्या रांगेत तुम्ही उभे राहू नका. पलीकडे सांगलीची साधी गाडी लागलीय, तिच्यात चढा. दांडा घट्ट धरा, कारण पायरीच्या वर साल १९७८ आहे.

आत डिझेलचा वास आहे, आणि कुणाच्या तरी पाटीतल्या मेथीचा. खाकीतला मास्तर गर्दीतून वाट काढत येतोय. काखेत तिकिटांचा ट्रे, त्यात एकेका किमतीची, एकेका रंगाची गड्डी. हातातला पंच सीटच्या दांड्यावर टकटक वाजतोय. “बोला, तिकीट बोला.” तुम्ही सांगली म्हणता. तो तीन रंगांची तिकिटं एकाला एक जोडून भाडं जुळवतो, भोकं पाडतो, आणि सुट्टे नाहीत म्हणून उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतो. “कराडात मागून घ्या.”

नागठाण्यातून गाडी सुटलेली असताना एक बाई मागून पळत येते. मास्तर दोरी ओढतो. एक घंटी. गाडी करकचून थांबते.

“मास्तर, वालचंद कॉलेजला हाय आमचा पोरगा. सांगलीच्या स्टँडवर येतोय बघा.”

कापडी पिशवीत तीन पुडाचा डबा. पिशवीच्या तोंडाला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर शाईनं नाव. मास्तर पिशवी हातात तोलून बघतो. “दही घातलंय का, वैनी?” “व्हय.” मग तो ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांड्याला अडकवतो, हलते का ते बघतो, आणि सुतळीचा आणखी एक वेढा देतो. दोन घंट्या.

हे काम वेबिलात कुठंच लिहिलेलं नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, तिचे वाहक होते लक्ष्मण केवटे. तेव्हापासून वाहकाचं काम कागदावर तिकिटाचं आणि हिशेबाचं. बाकीचं सगळं अंगावर आलेलं: म्हातारीला जागा करून द्यायची, झोपलेल्याला त्याच्या गावात उठवायचं, पिणाऱ्याला खाली उतरवायचं. त्याच्या कष्टांना मात्र गोड रंग देऊ नका. हिशेबात पैसे कमी पडले तर ते त्याच्याच खिशातून जातात, आणि मुक्कामी गाडीवर डासांत, बाकावरच रात्र काढावी लागते.

उंब्रज आलं. खिडकीबाहेर बघा, रस्ता रुंद झालाय, मोबाईलचे टॉवर उभे राहिलेत. २०१० चा सुमार आहे. मास्तरच्या काखेतला ट्रे गेलाय, गळ्यात तिकीट मशीन आलंय. बटणं दाबली की कर्रकर्र करत कागद बाहेर. हिशेब मशीनच करतं. मला हा बदल मनापासून चांगला वाटतो. दिवसभर दगदग झालेल्या माणसाला बेरजा करायला लावण्यात माणुसकी कसली? वाचलेला वेळ माणसांसाठी वापरता आला असता. पण वेळ वाचल्यावर दुसराच हिशेब सुरू होतो: मग हा माणूस तरी कशाला हवा?

डबा अजून तिथंच आहे. हात लावून बघा, कोमट आहे.

तासवडे टोलनाक्यावर फेब्रुवारी २०२१. १५ तारखेच्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झालाय. ज्या खिडक्यांतून पैसे घेणारे, सुट्ट्यांवरून शिव्या खाणारे हात बाहेर यायचे, त्या आता बहुतेक बंद दिसतात. एक पोरगा तेवढा उन्हात उभा आहे. एखाद्या गाडीचा टॅग वाचला गेला नाही की हातातलं यंत्र घेऊन धावायचं. यंत्र माणसाच्या मदतीला येणार, असं आपल्याला सांगितलं होतं. इथं माणूस यंत्राचा मदतनीस झालाय.

कराडला २०२३. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच मोफत. गाडी गच्च भरलीय. एक आजी आधार कार्ड घरी विसरून आलीय. मास्तर आता बाई आहे. ती आजीच्या तोंडाकडे, हातावरच्या गोंदणाकडे बघते. “बसा आज्जी. पुढच्या टायमाला आणा.” हा निर्णय तिनं स्वतःच्या जबाबदारीवर घेतलाय. तपासणी लागली तर उत्तर तिलाच द्यावं लागेल.

पेठ नाक्याला गाडी सांगलीकडे वळते, वर्षंही भराभर पुढं सरकतात. तुम्ही रोबोची वाट बघत असाल, धातूचे हात, चमकणारे डोळे. तो येत नाही. लंडनमध्येही आला नव्हता. मागून उघड्या दाराच्या, कंडक्टर असलेल्या तिथल्या नेहमीच्या बस ९ डिसेंबर २००५ ला थांबल्या, तेव्हा कुणी यंत्रमानव त्या जागी उभा राहिला नाही. तिकीट प्रवाशाच्या कार्डात गेलं, दार ड्रायव्हरच्या बटणात. कामाचे तुकडे झाले, ज्याला जो जमला त्यानं तो उचलला. जे तुकडे कुणाच्याच यादीत नव्हते, ते रस्त्यावर पडले. आपल्याकडेही असंच होणार, हे मला स्पष्ट दिसतं, आणि म्हणूनच ‘आमच्या खेड्यात कुठला आलाय रोबो’ असं कुणी म्हणालं की मी अस्वस्थ होतो.

आष्टा. समजा, २०४५. गाडी विजेची आहे, आवाज नाही. दारात कार्ड टेकवायचं. मागून एक बाई हात हलवत पळत येतेय. तुम्हाला ती काचेतून दिसते. तुमचा हात आपोआप वर जातो. तिथं दोरी नाही. दार लागलेलं आहे, वेळापत्रकात उशीर बसत नाही. बाई लहान होत जाते.

आयर्विन पूल. खाली कृष्णा. १९२९ पासून हा पूल इथं उभा आहे.

सांगली स्टँड. एक गोड, कुठल्याही गावचा नसलेला आवाज सांगतो, “कृपया आपले सामान विसरू नका.” सगळे उतरतात. ड्रायव्हर काचेच्या पलीकडे आहे, त्याला पुढच्या फेरीची घाई आहे. दांड्याला पिशवी तशीच लटकतेय. तुम्ही सुतळी सोडायला घेता. वेढा घट्ट आहे, नखानं उकलावा लागतो. डबा आडवा होऊ न देता तुम्ही फलाटावर उतरता. पुठ्ठ्यावरची शाई ओलाव्यानं पसरलीय, नाव वाचता येत नाही. समोर पोरंपोरी कानांत इअरफोन घालून उभी आहेत.

तुम्ही आयुष्यात कधी स्टँडवर ओरडलेले नाही. घसा साफ करता.

“नागठाण्याचा डबा! नागठाण्याचा डबा कुणाचा?”