पालि वाङ्मयातील भूत आणि प्रेत : एक ऐतिहासिक विचार

परित्राणपाठात रतनसुत्ताचे पठण सुरू झाले की पहिल्याच गाथेत 'भूतानि' हा शब्द कानी पडतो. गृहप्रवेश असो, पुण्यानुमोदन असो वा घरातील दीर्घ आजारपण असो, आपल्याकडे हे सुत्त म्हटले जाते. मग ऐकणाऱ्यांपैकी एखादा चिकित्सक उपासक विचारतो : भंतेजी, आपण बौद्ध ना? मग ही भुते कोणती? ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा प्रतिज्ञापूर्वक त्याग केला, त्याच्या मुखी भूतांना आवाहन कसे?

या प्रश्नाला आजवर दोन सोयीस्कर उत्तरे दिली गेली आहेत. पहिले असे की, त्रिपिटकात जे जे भूत, प्रेत, यक्ष या नावाचे आढळते ते सर्व मागाहून कोणी घुसडलेले आहे. दुसरे असे की, त्रिपिटकात आहे म्हणजे ते मानलेच पाहिजे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. पहिल्याने ग्रंथ वाचण्याचे कष्ट वाचतात आणि दुसऱ्याने विचार करण्याचे. पालि ग्रंथांत अमनुष्यांचा उल्लेख विपुल आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बिमला चरण लाहा यांनी १९२३ साली याच विषयावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, एवढी ती सामग्री आहे. प्रश्न इतकाच की, त्या सामग्रीचे बुद्धाने आणि संघाने केले काय?

प्रथम शब्दाचा विचार करू. पालि 'भूत' म्हणजे जे झाले, जे अस्तित्वात आले ते. पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते. प्राणिमात्र हेही भूत. आणि सत्य या अर्थीही हाच शब्द. 'यथाभूत' ज्ञानदर्शन, म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहणे, हा तर धम्माचा गाभा. त्यातील भूत हेच. मराठीतही भूतदया, भूतकाळ या शब्दांनी कोणी दचकत नाही. परंतु रतनसुत्तातील भूत म्हणजे केवळ प्राणिमात्र, असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. ज्यांना माणसे दिवसरात्र बळी आणून देतात असे ते भूत आहेत, हे दुसऱ्याच गाथेत स्पष्ट आहे. लोकसमजुतीतील अमानवी शक्तीच तेथे अभिप्रेत आहेत. त्या काळच्या गावागावांत चैत्यवृक्ष होते, यक्षांची ठाणी होती, बळी दिले जात होते. त्या समाजातच बुद्धाने उपदेश केला.

हा उपदेश कसा होता हे पाहावयाचे तर मज्झिमनिकायातील चौथे सुत्त, भयभेरव, काढून वाचावे. आमच्या दृष्टीने भूतबाधेच्या प्रश्नावर प्राचीन भारतात इतके स्वच्छ लिखाण दुसरे नाही. जाणुस्सोणि ब्राह्मण बुद्धाला म्हणतो की, अरण्यातला एकांतवास फार कठीण. त्यावर बुद्ध संबोधीपूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगतात. अरण्यात भय वाटते ते कोणाला? ज्याचे कायिक, वाचिक, मानसिक आचरण अशुद्ध आहे, जो लोभी आहे, ज्याचे चित्त भ्रांत आहे, त्याला. भयाचे मूळ बाहेर नसून आत आहे, ही पहिली पायरी. पण बुद्ध तेथे थांबत नाहीत. पंधरवड्यातील चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमी या ज्या रात्री लोक भयाच्या मानतात, नेमक्या त्याच रात्री, लोक ज्यांना भितात त्याच उद्यानचैत्यांत, वनचैत्यांत आणि वृक्षचैत्यांत त्यांनी मुक्काम केला. रात्री एखादे हरिण येई, एखादा मोर वाळकी काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी. मनात येई, हेच ते भय आले काय? मग त्यांनी ठरविले की, चालत असता भय आले तर चालतच राहावयाचे. उभे राहावयाचे नाही, बसावयाचे नाही, आडवे व्हावयाचे नाही. भय चालतच घालवावयाचे. बसले असता आले तर बसूनच. काही श्रमण-ब्राह्मण रात्र असता दिवस समजतात आणि दिवस असता रात्र. बुद्ध त्याला संमोह म्हणतात आणि आपण रात्रीला रात्र व दिवसाला दिवसच जाणतो असे सांगतात.

हरिण, मोर आणि वारा : भयाची ही तीन कारणे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात नोंदलेली असावीत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. येथे मंत्र नाही, गंडा नाही, उतारा नाही. शंकास्थानी जाऊन पाहणे आहे.

आता प्रेताकडे वळू. वैदिक परंपरेत मेलेला मनुष्य सपिंडीकरणापर्यंत 'प्रेत' असतो आणि पुत्राने पुरोहिताकरवी दिलेल्या पिंडांनीच त्याला पितरांत स्थान मिळते. म्हणजे मृत्यूनंतरची वाट पुरोहिताच्या ताब्यात. पालि 'पेत' शब्द तोच, पण अर्थ पालटलेला आहे. पेत ही कर्मानुसार मिळालेली एक दुर्गती आहे. शरीर सोडून भटकणारा आत्मा नव्हे, कारण अनात्मवादात तसा आत्माच नाही. पेतवत्थूच्या ५१ कथांतील पेत आपल्या भुकेने आणि तहानेने स्वतःच पोळत असतात, मनुष्याला झपाटणे हे त्यांचे काम नव्हे. संयुत्तनिकायात असिबंधकपुत्र नावाचा गावप्रमुख नालंदा येथे बुद्धाला विचारतो की, पश्चिमेकडील ब्राह्मण मृताला मंत्रांनी स्वर्गात चढवितात, तुम्हीही तसे करू शकाल ना? बुद्ध प्रतिप्रश्न करतात : मोठा दगड खोल डोहात टाकला आणि लोकांनी काठावर हात जोडून तू वर ये अशी प्रार्थना केली, तर तो वर येईल काय? श्राद्धाच्या संस्थेवर याहून नेमका आघात आम्हांस ठाऊक नाही.

तथापि चित्र इतके एकरंगी नाही. अंगुत्तरनिकायात जाणुस्सोणि हेच नाव असलेला ब्राह्मण विचारतो की, आम्ही श्राद्धात दिलेले आमच्या मृत आप्तांना पोहोचते काय? तेथे बुद्ध सरळ नकार देत नाहीत. नरकात, पशुयोनीत, मनुष्यलोकात वा देवलोकात जन्मलेल्याला ते पोहोचत नाही, केवळ पेतयोनीत जन्मलेल्याला पोहोचते, असे उत्तर आहे. लोकांच्या श्राद्धबुद्धीला दानाकडे वळविण्याची ही तडजोड होती असे आम्हांस वाटते. पुरोहिताच्या जागी संघ आला, पिंडाच्या जागी दान आले. पण दरवाजा पूर्ण बंद झाला नाही, आणि पुढील शतकांत त्याच दरवाजाने बरेच काही आत शिरले.

लक्खणसंयुत्ताची २१ सुत्ते या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. मोग्गल्लान गृध्रकूटावरून उतरताना आकाशात एकेक पीडित जीव पाहतात आणि त्याचे पूर्वकर्म सांगितले जाते. यादीत लाच खाणारा गावचा न्यायाधीश आहे, भिक्षूंच्या भोजनात विष्ठा ठेवणारा दुष्ट ब्राह्मण आहे, शेवटी दुराचारी भिक्षू, भिक्षुणी, श्रामणेर असे संघातीलच पाच जण आहेत. भविष्य सांगून लोकांना फसविणारी देवऋषीण स्वतः पेत झाली आहे, हेही मार्मिक. परंतु यादीच्या आरंभी कोण आहेत? खाटीक, पारधी, शिकारी. पोटासाठी जे व्यवसाय करणे खालच्या थरांच्या वाट्याला आले, त्यांनाच आधी दंड. अहिंसेच्या दृष्टीने हे समजून घेता येईल. पण त्या व्यवसायात त्यांना कोणी लोटले हा प्रश्न संकलकाला पडला नाही, हे आम्ही नमूद करून ठेवतो.

तिरोकुड्डसुत्तात मृतांचे जे चित्र आहे तेही आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने अस्वस्थ करील. तेथे पेत भिंतीबाहेर, चव्हाट्यावर, दाराच्या चौकटीशी उभे आहेत. घरात अन्नपाणी भरपूर आहे, पण त्यांची आठवण कोणी काढीत नाही. गावकुसाबाहेर कोणाला उभे केले जात होते हे महाराष्ट्रात सांगावयास नको. ज्या शिवेवर उतारा टाकला जाई, ज्या शिवेपार मरीआईचा गाडा लोटला जाई, तिच्या जवळच आमचा वाडा असे. मयताचा सांगावा परगावी नेणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महारांची. भुतांच्या जगातही जात सुटलेली नव्हती. मुंजा व्हावयास मुंज झालेली असावी लागे, ब्रह्मसमंध व्हावयास ब्राह्मण असावे लागे, आणि खविस मानला जाई तो परधर्मीयाचा. ज्या पिंपळाखाली बोधी प्राप्त झाली, तोच पिंपळ पुढे मुंजाचे ठिकाण ठरला. आणि पालि यक्खिणी मराठीत 'जखीण' होऊन राहिली. शब्द टिकला, धम्म विसरला गेला.

भूत उतरविण्याच्या धंद्याविषयी मात्र पालि ग्रंथांत संदिग्धता नाही. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालात, 'भूतविज्जा' ही सर्पविद्या, विंचूविद्या, अंगलक्षण यांच्या पंक्तीत 'तिरच्छानविज्जा' म्हणून मोजली आहे आणि तिच्यावर उपजीविका करणे हा मिथ्या आजीव ठरविला आहे. भिक्षुणींसाठी अशी विद्या शिकणे आणि शिकविणे या दोहोंवर पाचित्तियाचे स्वतंत्र नियम आहेत. रक्षणार्थ परित्त शिकण्याला तेथे सूट आहे, यावरून परित्त आणि मंत्र यांतील रेषा किती बारीक होती हेही कळते. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात एक चमत्कारिक प्रसंग आहे. एका भिक्षूला अमानुष बाधा झाली, त्याने खाटकाकडे जाऊन कच्चे मांस व कच्चे रक्त घेतले, त्याला बरे वाटले, आणि बुद्धाने अशा आजारात त्याची अनुज्ञा दिली. हा उतारा दडपून ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. आम्हांस त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की, ग्रंथ त्याला 'आबाध' म्हणजे आजार म्हणतो, प्रकरण औषधांचे आहे, आणि मांत्रिक बोलाविलेला नाही.

मग वैशालीची कथा कोठून आली? दुष्काळ, रोगराई आणि अमानुषांचे भय यांनी ग्रासलेल्या वैशालीत रतनसुत्त म्हणत पाणी शिंपडले आणि अमानुष पळाले, ही कथा सुत्तात नाही. ती अट्ठकथेत, म्हणजे सुमारे हजार वर्षांनंतरच्या टीकेत आहे. करणीयमेत्तसुत्तामागची वृक्षदेवतांच्या भयाची कथाही तशीच. काळ लोटला तशी विहारांतही भीतीला जागा मिळाली. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात हारीतीचे स्वतंत्र दालन आहे. ही मुले खाणारी यक्षिणी बुद्धाने शांत केली अशी कथा. शिल्पात ती मुलांची रक्षक होऊन पांचिकाजवळ बसली आहे. सातव्या शतकातील चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, भारतातील विहारांत भोजनशाळेपाशी हारीतीची प्रतिमा असे आणि तिला रोज अन्न ठेवीत. यक्षिणीला माणसाळविले खरे, पण तिचा नैवेद्य चालूच राहिला.

महाराष्ट्राला याहून जुना वारसा आहे. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगाव येथे मिळाला तो १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी. हा नववा लेख मंगलविधींवर आहे. आजारपणात, लग्नात, अपत्यजन्मी, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. ते अल्पफल होत. खरे मंगल म्हणजे दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान, असे त्यात आहे. स्त्रियाच असले क्षुद्र विधी फार करतात हा त्यातील शेरा आम्हांस मान्य नाही. पुरुष देवऋषी आणि पुरुष पुरोहित यांच्यावाचून ते विधी झाले कसे असते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, अलौकिकावरील विश्वास हा अधम्म म्हणून पहिल्या क्रमांकाने नोंदविला. ही भयभेरवसुत्ताचीच वाट आहे. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतील पहिलीच नोंद भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांविषयी आहे. कायद्याच्या नावात 'अमानुष' हा शब्द आहे. पालीत 'अमनुस्स' म्हणजे भूत. येथे तो शब्द भुतासाठी नाही, माणसाने माणसाशी केलेल्या वर्तनासाठी आहे.

असे असता काही ठिकाणी परित्ताचे सूत दंडाला बांधून बाधा उतरविल्याचे सांगितले जाते, आणि मनोरुग्णाला डॉक्टरकडे नेण्याऐवजी विहारात आणून बसविले जाते, हे आम्हांस गंभीर वाटते. ही भूतविज्जाच होय, मग गाथा पालि असोत. परित्राणपाठ बंद करावा असे आमचे म्हणणे नाही. रतनसुत्ताच्या १७ गाथांपैकी पहिल्या दोन भूतांना उद्देशून आहेत. शेवटच्या तीन अट्ठकथेने शक्राच्या तोंडी घातल्या आहेत, आणि त्यांत भूतांना बळी नाही, त्यांनीच बुद्ध, धम्म व संघ यांना वंदन करावयाचे आहे. मधल्या बारा त्रिरत्नाच्या गुणांवर आहेत. घरात जमलेल्यांना या बारा गाथांचा अर्थ मराठीत सांगावयाचा तर फार तर पाव तास लागतो.