उल्हास नदीतील नौकानयन

लोणावळ्याजवळ राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी घाट उतरून कर्जत, बदलापूरमार्गे कल्याणला येते. वरच्या भागात तिला भरती-ओहोटी ठाऊक नाही. कल्याणजवळ मात्र ती खाडी होते आणि वसईला समुद्रास मिळते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी आरमाराची गलबते बांधवली, ती याच पाण्याच्या भरवशावर. २०१६ मध्ये हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ मध्ये आला.

प्रवासाची आखणी तिथीपासून सुरू होते. तिथीची पाऊणपट केली की मुंबई किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत जावे तशी ही वेळ लांबते. वसईहून कल्याणकडे जाताना भरती लागताच निघावे, म्हणजे पाणीच होडीला पुढे नेते. परतताना ओहोटी धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर मिळते, पण पुलाखालची मोकळी उंची घटते. भांगाच्या लहान भरतीला प्रवाह मंद असतो. गाळाचे उथळे जागा बदलतात, म्हणून स्थानिक कोळ्यांचा सल्ला नकाशाइतकाच मोलाचा. पावसाळ्यात घाटावरून उतरणारा लोंढा भरतीलाही मागे रेटतो. तेव्हा होडी काढूच नये.