मद्रासची दोन निदाने

रक्ती आंव हे दुखणे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्याचा जंतू किओशी शिगा या जपानी संशोधकाने १८९७ साली शोधून काढला, म्हणून त्यास शिगेला म्हणतात. दूषित अन्नपाण्यातून तो पसरतो हे सर्वांस माहीत असते. परंतु थोडेसे जंतूही रोग जडण्यास पुरे होत असल्यामुळे तो शरीरसंबंधातूनही पसरतो, ही गोष्ट सहसा कोणी उच्चारीत नाही.

न उच्चारलेला रोग नाहीसा होत नाही. १९८६ साली मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन, मद्रासवासी मराठी कुटुंबातल्या, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्त तपासविले. एड्स हा परदेशचा रोग, अशी तेव्हाची समजूत होती. सहा नमुन्यांत त्याची खूण सापडली आणि ती समजूत ढासळली.

दुसरी समजूत अशी की, आंव औषधाने हटतेच. १९५० नंतरच्या दशकातच जपानात एकाच वेळी चार औषधांना न जुमानणारे शिगेला आढळले होते. आणि हा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो, हेही तेथेच सिद्ध झाले. २०१० साली मद्रास विद्यापीठाचे कार्तिकेयन कुमारसामी व सहकारी यांनी चेन्नईतील ४४ नमुन्यांत 'एनडीएम-१' हे जनुक नोंदविले. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही ते निकामी करते. जनुकाच्या नावात नवी दिल्ली आली, म्हणून सरकारी वर्तुळात नाराजी उमटली. परंतु पुढच्याच वर्षी दिल्लीच्या पाण्यातील शिगेलातही ते सापडले.

नाराजीवर न थांबता देशातील वैद्यकसंस्था २०१२ साली चेन्नईत जमल्या आणि 'चेन्नई जाहीरनामा' निघाला. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची अमलात आली. तीतील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही, आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद ठेवावी लागते.

वही दुकानात राहते; पण रोग कोठून आला हे रोग्यानेच सांगावयाचे असते. संकोचाने ते लपविले, मलाची तपासणी टाळली आणि ओळखीच्या दुकानातून चार गोळ्या आणल्या, तर जगतात ते त्या गोळ्या पचविलेले जंतूच. आणि पुढे जातात तेही तेच.